सगळंच एक नंबर

बाबांनी मला इंजिनिअर केलं ते एवढ्यासाठी, की आयुष्यात कधी कुणाला "या, बसा, काय दाखवू?" असं म्हणायची पाळी माझ्यावर येऊ नये. आज मी दिवसातून वीस वेळा तेच म्हणतो. फरक इतकाच, की बाबा पांढुर्ण्यात आमच्या कापडाच्या दुकानात गादीवर बसून म्हणतात आणि मी दुसऱ्याच्या शेतात, उन्हात उभा राहून म्हणतो.

दुकान आजोबांचं. एका ब्लाउजपीससाठी चाळीस ठाणं उलगडायची, बाई "उद्या येते" म्हणून गेली की चाळीसही पुन्हा गुंडाळायची, हे बाबांनी जन्मभर केलं. आपल्या पोराने हे करायचं नाही, असं त्यांनी मी तिसरीत असतानाच ठरवून टाकलं होतं. म्हणून मला नागपूरला मेकॅनिकलला घातलं. चार वर्षांचा कोर्स मी साडेचार वर्षांत पूर्ण केला. (इंजिनिअरिंग ड्रॉइंग हा विषय माझ्यावर जीव लावून होता. दोनदा गेलो तरी सोडेना!) आणि शेवटी नोकरी लागली. पद : सेल्स इंजिनिअर.

आईने त्यातला दुसरा शब्द ऐकला आणि गल्लीत पेढे वाटले. बाबांनी पहिला शब्द ऐकला आणि पेढा हातातच धरून बसले.

"म्हंजे विकायचंच ना?" बाबा म्हणाले.

"टेक्निकल सेल्स आहे, बाबा. वेगळं असते ते."

"काय विकायचं?"

"संत्रा निवडायची मशीन."

"मंग नागपूरले कायले गेला होता? गादी तं इथीच होती."

मशीन मात्र खरंच चांगली होती. पट्ट्यावरून संत्री पुढे सरकतात, कॅमेरा एकेका फळाचा रंग आणि आकार बघतो आणि एक नंबर, दोन नंबर आणि 'बाकी' अशा तीन खोक्यांत ती आपोआप पडतात. मोसमात माणसं मिळत नाहीत तेव्हा अशी मशीन म्हणजे वरदानच. ती विकणं किती सोपं असेल, असं मला वाटलं होतं.

इंजिनिअरिंगने मला एक गोष्ट पक्की शिकवली होती, ती म्हणजे तोंडी परीक्षा देणं. उत्तर येत नसताना परीक्षकाच्या डोळ्यांत बघून तीन मिनिटं न थांबता बोलायचं! विक्री म्हणजे हेच, असा माझा समज होता. कंपनीच्या ट्रेनिंगमध्येही सांगितलं, की नजर ग्राहकाच्या डोळ्यांत ठेवा, मशीनकडे पाठ करा, बोलत राहा. मी बोलत राहिलो. लोधीखेड्याच्या एका शेतकऱ्याला मी चाळीस मिनिटं सेन्सर, पिक्सेल आणि कॅलिब्रेशन समजावलं. ते अगदी मान डोलावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "लय चांगलं बोलता भाऊ तुमी. कोन्त्या पार्टीकडून उभे राहून राहिले?"

असे सहा महिने गेले. विकलेल्या मशीन : शून्य. नागपूरच्या साहेबांचा फोन आला. "मंगेश, या महिन्यात एक तरी मशीन जाऊ दे. नाहीतर आपल्याला बसून बोलावं लागेल." बसून बोलल्यानंतर आमच्या कंपनीत माणूस पुन्हा दिसत नाही, हे मला ठाऊक होतं. त्याच आठवड्यात बाबांनी दुकानातल्या गादीला नवी खोळ शिवून आणली. मी त्या खोळीकडे बघितलं आणि ती कुणासाठी आहे ते समजलो.

शेवटची आशा एकच होती. सौसरचे वामनरावजी. पन्नाशी ओलांडलेले, कमी बोलणारे, संत्रेवाल्यांच्या एका मोठ्या गटाचे प्रमुख. त्यांनी घेतली तर गट घेणार, त्यांनी नाक मुरडलं तर सगळा तालुका मुरडणार. ते फोनवर म्हणाले होते, "चालवून दाखवा. मंग पाहू." म्हणून मी मोहगावजवळ माझ्या मामाच्या संत्र्याच्या बागेत, टिनाच्या शेडमध्ये प्रात्यक्षिक ठेवलं. मामाचा आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडी येणारा, माल नुकताच तोडून आलेला. घरचं शेत, घरची माणसं, म्हणजे गडबड व्हायला काही जागाच नाही, असा माझा हिशेब होता.

सकाळी आठला टेम्पोतून मशीन उतरवली, चालवून बघितली. हिरवट फळ 'बाकी'त, पिवळसर दोन नंबरात, केशरी एक नंबरात. एकही चूक नाही! आता मशीन दिसते कशी ते सांगतो. पट्ट्याच्या तोंडाशी साधारण माणसाच्या उंचीवर एक पांढरा डबा आहे. त्याला दोन गोल दिवे आणि दोन दिव्यांच्या मधोमध, जरा वरच्या बाजूला, एक गोल काच. ती काच म्हणजे कॅमेरा. (हे वर्णन लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.)

साडेनऊला बाबांच्या स्कूटरवरून आई-बाबा आले. आईच्या मांडीवर पूजेचं ताट, पिशवीत नारळ, हार, उदबत्ती. पोराची पहिली मशीन म्हणून तिने नवं लुगडं नेसलं होतं.

"आई, मशीनला कुठंही हात लावू नको हं," मी बजावलं.

"मले का समजत नाही? मी काय लहान आहो?" आई म्हणाली. "थोडीशी पूजा करतो न बाजूले होतो."

मी वामनरावजींना आणायला रस्त्यापर्यंत गेलो. परत आलो तेव्हा पूजा आटोपली होती. मशीनच्या मागच्या बाजूने मी येत होतो. तिथून डब्यावर झेंडूचा हार दिसला, बाजूच्या पत्र्यावर कुंकवाचं स्वस्तिक दिसलं, पायाशी फोडलेला नारळ दिसला. मोटर कोरडी होती, वायरिंग कोरडं होतं. मला आईचं कौतुकच वाटलं. बाबा कोपऱ्यातल्या एका उलट्या खोक्यावर बसले होते, दुकानात बसतात तसेच, हात गुडघ्यांवर ठेवून.

मी स्विचबोर्डापाशी, मशीनच्या मागे उभा राहिलो. समोर वामनरावजी, त्यांच्या बाजूला मामा, मागे आई. नजर ग्राहकाच्या डोळ्यांत! बटण दाबलं.

पहिलं संत्रं : एक नंबर. दुसरं : एक नंबर. तिसरं, चौथं, पाचवं... पन्नासच्या पन्नास एक नंबर!

मामाची छाती फुगली. "पाह्यलं का, वामनरावजी? मी म्हनत नव्हतो, आपल्या बागेत दुसरा मालच नाही म्हून!"

वामनरावजींनी खोक्यातून एक हिरवंगार फळ निवडलं आणि पट्ट्यावर ठेवलं. एक नंबर. मग एक सडकं, अर्धं काळं पडलेलं. एक नंबर! मामाची छाती जरा खाली आली.

"हे मशीन लय दयाळू दिसून राहिलं," वामनरावजी म्हणाले.

"काकाजी, सुरुवातीला थोडं ॲम्बियंट लाइटचं असतं," मी सुरू केलं. "ऑप्टिकल सिस्टिममध्ये काय होतं..."

तोवर त्यांनी मामीच्या भाजीच्या टोपलीतून एक वांगं आणून पट्ट्यावर ठेवलं होतं. वांगं डौलाने पुढे गेलं आणि एक नंबरच्या खोक्यात पडलं. मग बटाटा. मग पूजेच्या नारळाची कवड. मामालाही आता चेव आला. "माह्यी टोपी टाकून पाहू का?" टोपीसुद्धा एक नंबर! शेडमध्ये जे म्हणून होतं ते सगळं त्या दिवशी निर्यातीच्या दर्जाचं ठरत होतं.

मी मात्र बोलतच होतो. तोंडी परीक्षेतला माणूस तो! उजेड जास्त आहे म्हणालो आणि मामाकरवी मशीनवर ताडपत्री धरवली. ताडपत्रीखाली वांगं पुन्हा एक नंबर. व्होल्टेज कमी आहे म्हणालो. मामा म्हणाला, "आज तं पहिल्यांदा पूरं येऊन राहिलं!" नागपूरला साहेबांना फोन लावला, ते म्हणाले, "बंद करून पुन्हा चालू कर." केलं. बटाटा एक नंबर. शेवटी मी पाना काढला आणि मागचं झाकण उघडलं. आत काय शोधायचं होतं ते मला आजही सांगता येणार नाही, पण झाकण उघडलेल्या इंजिनिअरकडे लोक आदराने बघतात एवढं मला माहीत होतं. मोटरच्या तीन वायरी सोडल्या, पुसल्या, पुन्हा जोडल्या, झाकण लावलं. एक स्क्रू हातात उरला. तो खिशात टाकला आणि बटण दाबलं.

तीन फेजच्या मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल झाली तर मोटर उलटी फिरते. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत हे मी पाच मार्कांसाठी लिहिलं होतं आणि पाचही मिळवले होते. आता प्रत्यक्ष दिसलं. पट्टा गर्रकन उलटा निघाला आणि मामाने त्याच्यावर पुन्हा मांडलेली सगळी संत्री मागे पळत जाऊन धबाधबा वामनरावजींच्या पायांवर पडली. शेवटी ते वांगं.

"अगो माय!" आई ओरडली.

वामनरावजींनी वांगं उचललं, धोतराला पुसलं आणि मामीच्या टोपलीत नेऊन ठेवलं. मग त्यांनी चपला झटकल्या. ते निघायच्या बेतात आहेत, हे मला कळलं. नोकरी गेली, नवी खोळ वापरायची वेळ आली, हेही कळलं. आणि तरी मी तोंड उघडलं, "काकाजी, ॲक्च्युअली टेक्निकली बघितलं तर..."

"मंगेश."

बाबा इतक्या वेळात पहिल्यांदा बोलले होते. खोक्यावरून उठलेही नव्हते.

"ठाण उलगडलं न मंधात दोरा तुटलेला निघाला, तं गिऱ्हाइकाले कोन दाखवते?"

लहानपणी दुकानात हे मी शंभरदा बघितलं होतं. गिऱ्हाइकाच्या नजरेत यायच्या आधी बाबा स्वतः त्या तुटलेल्या दोऱ्यावर बोट ठेवायचे.

"आपण दाखवतो, बाबा."

"मंग दाखव नं. बोलून काय राहिला मघापासून?"

मी वामनरावजींकडे बघितलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा मी ग्राहकाशी आमच्या भाषेत बोललो.

"काकाजी, काय बिघडलं थे मले समजून नाही राहिलं. सकाळी बरोबर चालली होती. मी शोधतो. मले अर्धा तास द्या."

वामनरावजींनी झटकलेल्या चपला बाजूला काढल्या. मग मामाला म्हणाले, "चहा सांगा. बसतो मी."

आता एक गंमत झाली. बोलायचं थांबल्यावर माझं डोकं चालायला लागलं! प्रयोगशाळेत आमचे एक म्हातारे सर होते. ते म्हणायचे, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा. चार वर्षं मी ते दुसऱ्याच्या वहीतून उतरवलं होतं. आज पहिल्यांदा स्वतः केलं. कागद घेतला. मोटरच्या वायरी सरळ केल्या, पट्टा सुलटा फिरला, लिहिलं. आकार, फळ ढकलणारे दांडे, सगळं ठीक, लिहिलं. राहिला रंग. रंग कोण बघतो? कॅमेरा. कॅमेऱ्याला काय दिसतं ते कुठे दिसतं? माझ्या पाठीमागे, स्विचबोर्डाशेजारच्या छोट्या स्क्रीनवर. नजर ग्राहकाच्या डोळ्यांत ठेवायला शिकवल्यामुळे त्या स्क्रीनकडे मी सकाळपासून बघितलंच नव्हतं.

बघितलं. स्क्रीनवर सगळं जग केशरी होतं. पट्टा केशरी, शेड केशरी, मामा केशरी. मी पट्ट्याच्या बाजूला जाऊन मान पुढे घातली, तर स्क्रीनवर माझं तोंडही लालभडक केशरी, आणि खाली मशीनचा शेरा : 'एक नंबर'. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी पहिला नंबर दिला होता. आणि मग मी सकाळपासून पहिल्यांदाच त्या डब्याच्या समोर उभा राहिलो.

दोन दिवे म्हणजे दोन डोळे. मधोमध, जरा वर, ती गोल काच. काचेवर बरोब्बर मध्यभागी ओलं हळद-कुंकू, चांगलं रुपयाएवढं, त्यात चार अक्षता रुतलेल्या.

"आई, हे काय?"

"काय म्हंजे? कुकू लावलं."

"इथं?"

"मंग कुठी लावू? दोन डोये, मंधात कपाय! कपायाले नाही लावायचं तं का पायाले लावायचं?"

गंमत म्हणजे ते कुंकू मामाने बघितलं होतं, मामीने बघितलं होतं, वामनरावजी तर तासभर त्याच्याकडेच तोंड करून उभे होते. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. नव्या मशीनच्या कपाळाला कुंकू असायचंच! नसतं तर उलट कुणीतरी विचारलं असतं.

आईच्या लक्षात यायला एक क्षण लागला. मग तिचा चेहरा उतरला. "माह्यामुळं झालं का रे हे? तुह्यी नोकरी..." तिने पदर डोळ्यांना लावला. ती सकाळी पाचला उठून, न्हाऊन, स्कूटरवर ताट सांभाळत माझ्यासाठी इथवर आली होती. तिच्यावर रागवायला हवं होतं, पण मला हसू आलं आणि रडूही आलं.

"बाई, रडता कायले?" वामनरावजी म्हणाले. "माह्या घरी आलं असतं तं माह्या बायकोनंही तिथीच लावलं असतं."

मी रुमालाने काच पुसली. बटण दाबलं. केशरी संत्रं एक नंबर, पिवळसर दोन नंबर, हिरवं 'बाकी'त, सडकं 'बाकी'त, वांगं 'बाकी'त. मामाचा अर्धा माल दोन नंबरात निघाला. "कुकू होतं थेच बरं होतं," तो पुटपुटला.

मला वाटलं, जिंकलो. पण वामनरावजी मान हलवत होते.

"मशीन ठीक आहे. पन मी म्हनलं थे खरं आहे. माह्या घरी येईन तवा पूजा होईनच. दसऱ्याले होईन. गटात इतके घरं, पयल्या दिवशी सारे कुकू लावतीन. दर वेळेस तुमाले बोलवायचं काय, पुसाले?"

या प्रश्नाचं उत्तर कंपनीच्या पुस्तकात नव्हतं. 'पूजा करू नका' म्हणालो असतो तर मशीन आणि मी, दोघांनाही एकाच टेम्पोतून परत जावं लागलं असतं. मी डब्याकडे बघत राहिलो. कपाळाला कुंकू लागणारच. मग कपाळच दुसरीकडे नेलं तर?

"मामी, एखादं डब्याचं झाकण आहे का? जुनं चालेल."

मामीने स्टीलचं छोटं झाकण आणलं. मी कागद उलटा केला आणि त्यावर आकृती काढली. मापं घातली. (ड्रॉइंगच्या सरांनी बघितली असती तर तिसऱ्यांदा नापास केलं असतं!) दिव्यांच्या वर, काचेपासून वीतभर दूर, बरोबर जिथे माणसाचा हात आपोआप जाईल तिथे झाकण धरलं आणि मोठ्या रुबाबात खिशातला उरलेला स्क्रू काढून बसवलं. काचेवर वरून काही ओघळू नये म्हणून तिच्या वरच्या कडेला झेंडूच्या हाराच्या प्लास्टिकच्या पिशवीची तात्पुरती पट्टी लावली.

"आई, आता लाव."

आईने डोळे पुसले, बोट कुंकवात बुडवलं आणि घाबरत घाबरत झाकणाला लावलं. मग अक्षता. मग सवयीने हात जोडले. मशीन चालू झाली. हिरवं 'बाकी'त, केशरी एक नंबर. सगळं जिथल्या तिथे.

बाबा खोक्यावरून उठून जवळ आले. झाकण हलवून बघितलं. "मजबूत आहे," एवढंच म्हणाले. बाबांच्या तोंडून ठाण सोडून दुसऱ्या कशाबद्दल हा शब्द मी तेव्हाच ऐकला.

वामनरावजींचं तरीही समाधान झालेलं दिसेना. "इंजिनिअर साहेब," ते म्हणाले, "एक शेवटचं पाहू द्या. मघा तुमी मान घातली होती न तिथी? आता पुन्हा घाला."

मी मान घातली. हसरा चेहरा केला. सहा महिन्यांचा सेल्सचा अनुभव त्या हसण्यात ओतला. वामनरावजी चष्मा सावरत स्क्रीनकडे वाकले. मामा वाकला. आईही वाकली.

"काय म्हनते?" बाबांनी विचारलं.

"'बाकी' म्हनते," वामनरावजी म्हणाले आणि सकाळपासून पहिल्यांदा खळखळून हसले. "झालं मशीन दुरुस्त! आता बिलकुल खरं बोलून राहिलं. कागद काढा, भाऊ. घेतो आपन."

त्या दिवसाला आता वर्ष होत आलं. गटातल्या पाच घरी मशीन बसल्या आहेत आणि मोसमात त्या धडाक्यात चालतात. माझी उलट्या कागदावरची आकृती साहेबांनी फोनवर मागवून घेतली. बघून म्हणाले, "हे आम्हाला कसं नाही सुचलं?" आता आमच्या प्रत्येक मशीनला समोरून, वरच्या अंगाला, एक छोटी स्टीलची पाटी येते. साडेचार वर्षांच्या शिक्षणातून मी देशाला दिलेली ही एकमेव रचना! दुकानात कुणी विचारलं, "पोरगा काय करते?" तर बाबा ठाण उलगडता उलगडता सांगतात, "इंजिनिअर आहे. मशीन विकते." दोन्ही शब्द एकाच दमात, अगदी न अडखळता. गादीची नवी खोळ काढून त्यांनी जुनीच घातली आहे.

आणि माझी नोकरी? मशीनने मला 'बाकी'त टाकलं, कंपनीने मात्र कायम केलं. दोघांपैकी कुणी मला जास्त बारकाईने तपासलं, हे विचारायला मी अजून साहेबांकडे गेलेलो नाही.